विरुद्ध पक्ष : दाराची बेल

आधीच सांगून ठेवतो, मी भांडखोर माणूस नाही. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर घालायचा आणि मधल्या काळात त्या कागदाचं बरं झालं की वाईट, याच्याशी आपण संबंध ठेवायचा नाही, एवढंच काम. अशा माणसाला भांडायला वाव कुठला? रिटायर होताना साहेब भाषणात म्हणाले होते, "यांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही." ते कौतुकाने म्हणाले असं मी त्या दिवशी समजलो होतो.

तरीसुद्धा मी एका दुकानदाराला ग्राहक मंचापुढे उभं केलं. आणि कशासाठी, तर दाराच्या बेलसाठी.

आमची जुनी बेल म्हणजे प्रकरण होतं. दाबली की कर्रर्र असा आवाज यायचा. ही कायम म्हणायची, "अहो, ती बेल बदला हो. पाहुणे आल्यासारखं वाटत नाही, शेजारी कोणी भिंतीला भोक पाडतंय असं वाटतं." मी म्हणायचो, "वाजतेय ना? मग झालं." वाजत होतीच. दिवसातून दहा-दहा वेळा वाजायची. हिची बहीण यायची, माझी भाची यायची, खालच्या मजल्यावरची बाई विरजण मागायला यायची, कोणाला हिच्याकडून स्वेटरची वीण शिकायची असायची. मी पेपरमागून ओरडायचो, "कोण आहे?" आणि ही दार उघडता उघडता म्हणायची, "तुमच्याकडे कोणी नाही, वाचा तुम्ही."

गेल्या वर्षी ही गेली. त्यानंतर चार महिन्यांनी मी बेल बदलली. उशीर झाला, मान्य आहे.

नाक्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून आणली. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी माणसं असतात ना, त्यातला हा. अकरा सुरांची बेल दिली. त्यातला चिमणीच्या आवाजाचा सूर लावून दिला आणि म्हणाला, "वर्षाची गॅरंटी आहे, काका. काही झालं तर तारखेसकट सांगा."

आता हे वाक्य तो रोज वीस जणांना म्हणत असणार. पण मला म्हणाला, तिथे चुकला. तारखेसकट सांगा असं चौतीस वर्षांत मला कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, लोकांना उलट माझ्या तारखांचा त्रासच व्हायचा. मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख, वेळ, कोण आलं, काम, शेरा. वर ठळक अक्षरात 'आवक'. आणि हाताला सवयच अशी की वही उलटी करून मागच्या बाजूने 'जावक' असंही आखून टाकलं. बेलच्या वहीत जावक कशाला, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

तीन महिन्यांत एकूण एकोणीस नोंदी झाल्या. पेपरवाला, बिलासाठी, तीन वेळा. मीटर बघणारा, तीन वेळा. पाणी गाळायचं यंत्र विकणारा, एकदा (याला मी पाऊण तास बसवून घेतला, शेवटी तोच घड्याळ बघायला लागला). पाचव्या मजल्यावरचे पाहुणे, चुकून, सात वेळा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि चौथ्या मजल्यावर आल्यावर माणसाला पाचवा आल्यासारखा वाटतो, म्हणून हे घडतं. चार वेळा समोरचे मास्तर. आणि एक नोंद खुद्द माझी. किल्ली आत राहिली होती. मी बेल दाबली. थांबलो. परत दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा लक्षात आलं की आत उघडायला कोणी नाही. कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. 'काम' या रकान्यात लिहिलं, 'घरी येणे'.

एकूण हिशेब असा. जुनी बेल होती तेव्हा दिवसाला दहा. नवी आल्यापासून महिन्याला सहा. मधे बदललं काय? बेल. शहाण्या माणसाने याचा अर्थ काय काढावा?

तरी मी गप्प होतो. पण एक दिवस जिना उतरताना खालच्या पत्रपेटीत कुरियरवाल्याची चिठ्ठी सापडली. मुलगी परदेशी असते, तिने काहीतरी पाठवलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आलो होतो. बेल वाजवली. दार बंद.' तारीख होती आदल्या दिवसाची, वेळ दुपारी साडेबारा. आदल्या दिवशी साडेबारा वाजता मी दारापासून सहा पावलांवर खुर्चीत बसून होतो. झोपलोही नव्हतो. वहीत नोंद नाही.

ती चिठ्ठी हातात धरून मी जिन्यातच उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेल वाजत नव्हती! कुरियरवाला येऊन गेला आणि मला कळलं नाही. मग असे आणखी किती येऊन गेले असतील? साडू आला असेल, बायकोला घेऊन. भाची आली असेल. चार मजले चढून, धापा टाकत, बेल वाजवून, वाट बघून, "मामा बाहेर गेले वाटतं" म्हणून खाली उतरली असेल. आणि मी आत! खरं सांगतो, मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला की मी चारही मजले न थांबता चढलो.

समोरचे मास्तर दारातच होते. मास्तरांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. या विषयाच्या वाट्याला शाळेत वीस मार्क आणि शनिवारचा शेवटचा तास येतो, त्यामुळे मास्तर मनातून कायम दुखावलेले. कोणाला तरी नागरिकशास्त्राची खरोखर गरज पडेल म्हणून रिटायर झाल्यापासून ते टपून बसले होते. चिठ्ठी बघताच त्यांनी मला आत ओढलं.

"अहो, तुम्ही नुसते शेजारी नाही, तुम्ही ग्राहक आहात! ग्राहकाचे सहा हक्क. मोजा." आणि बोटं दुमडायला लागले. "सुरक्षिततेचा. माहितीचा. निवडीचा. आपलं म्हणणं मांडण्याचा. दाद मागण्याचा." पाच बोटं संपली म्हणून त्यांनी दुसरा हात बाहेर काढला. "आणि ग्राहक शिक्षणाचा, जे मी आत्ता तुम्हाला देतोय."

"पण एका बेलसाठी..."

"तिथेच चुकतं आपलं! एका बेलसाठी गप्प, एका पंख्यासाठी गप्प, मग औषधाच्या बाटलीवरची तारीख खोडलेली असते तेव्हाही गप्प. हक्क वापरला नाही की त्याला गंज चढतो. पुढच्या माणसाला तो गंजलेलाच मिळतो."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, दूध उतू जातंय!" मास्तर म्हणाले, "जाऊ दे, इथे लोकशाहीचं बोलणं चाललंय." त्या दुधाच्या वासाने आणि त्या ओरडण्याने मला उगीचच भरून आलं. मी लवकर उठलो.

दुकानदार बिचारा लगेच आला. चार मजले चढला, बेल दाबली. चिमणी चिवचिवली.

"वाजतेय की, काका."

"तुम्ही दाबली म्हणून वाजली."

"मग कोणी दाबल्यावर वाजायला हवी?"

"इतरांनी."

त्याने मास्तरांना दाबायला लावली. वाजली. मास्तरांच्या बायकोने लाटण्यासकट येऊन दाबली. वाजली. मी म्हणालो, "तज्ज्ञासमोर रोगी नेहमीच बरा असतो." मास्तरांनी पावतीच्या तळाशी छापलेलं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य त्याच्या नाकासमोर धरलं आणि माल खराब निघाला तर या वाक्याला काडीची किंमत नाही, असं खडसावलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बदलून देतो. विषय संपला."

बदलून दिली. या वेळी मी कोकिळेचा सूर निवडला. महिना गेला. नोंदी चार, पैकी पाचव्या मजल्याच्या तीन.

मी पुन्हा दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी वही काउंटरवर उघडली आणि शांतपणे म्हणालो, "दुसरीही वाजत नाही." त्याने वही चाळली. आधी हसला, मग कपाळावरचा चष्मा खाली घेतला, आणि दिवसभराचा वैताग एकदम बाहेर आला.

"काका, दोन बेली झाल्या. मी बेल विकतो हो. पाहुणे विकत नाही!"

दुकानातली माणसं हसली. चांगली खदखदून हसली. एक बाई हसली नाही, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. ते जास्त लागलं.

घरी आल्यावर मी मास्तरांची बेल वाजवली आणि म्हणालो, "अर्ज लिहा."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मंचाच्या कचेरीला पायऱ्या नव्हत्या, उतार होता, त्यामुळे मी सरळ आत गेलो. तिथे अर्ज तीन प्रतींत हवा होता. तिसऱ्या प्रतीला अनुक्रमणिका नव्हती म्हणून परत आलो. अनुक्रमणिका लावली तर पानांना नंबर नव्हते. आणि हे मला, चौतीस वर्षं नंबर घालणाऱ्याला, ऐकून घ्यावं लागलं! त्यात आवक खिडकीतल्या माणसाने माझ्या अर्जावर शिक्का मारला तो तिरका, आणि तारीख कालची. मी म्हणालो, "अहो, तारखेचं चाक फिरवायचं राहिलंय." तो म्हणाला, "एका दिवसाने काय फरक पडतो?" मी पोच खिशात घातली. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

अर्जात एक रकाना होता, 'झालेल्या नुकसानीचं स्वरूप'. मी लिहिलं, 'पाहुणे'. पुढे होतं, 'अंदाजे संख्या'. इथे घोडं अडलं. मास्तर म्हणाले, "अंदाज चालायचा नाही. साक्षीदार लागतील. कोण कोण येऊन परत गेलं, विचारा."

मग मी फोन करायला बसलो. तुम्हाला खरं सांगू? फोन हातात घेऊन मी अर्धा तास नुसता बसलो होतो. आपण होऊन कोणाला फोन करायची मला सवय नव्हती. घरातले फोन ही करायची, आणि शेवटी "हे पण बोलतायत हं" म्हणून माझ्या कानाला लावायची. मी "काय म्हणताय, बरं आहे ना?" एवढं म्हणून परत द्यायचो.

पहिला साडूला लावला. "मधे तुम्ही आमच्याकडे आला होतात का हो?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग साडू एकदम जोरात, "अहो म्हणजे काय! आलो होतो की! बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. तुम्ही होतात कुठे?"

"घरीच होतो! बेल खराब आहे!"

"तरीच!" साडूच्या आवाजात केवढी सुटका होती. मला वाटलं, गैरसमज फिटल्याची.

भाची म्हणाली, "मामा, एकदा नाही, दोनदा आले. दोनदा!" आणि आमच्या कचेरीतला मित्र, त्याला आम्ही 'कार्बन' म्हणायचो, कारण साहेब जे म्हणतील तेच तो थोडं फिकट करून म्हणायचा, तो म्हणाला, "अरे, मी पण आलो होतो. बेल वाजवली. दार बंद." मी सगळ्यांच्या तारखा विचारून घेतल्या. वहीशी ताडून पाहिल्या. त्या तारखांना एकही नोंद नव्हती. पुरावा काय हवा आणखी? एकूण नुकसान, पाहुणे पाच, साडूची बायको धरून.

ती संध्याकाळ मी फार सुखात घालवली. सगळे आले होते. कोणी विसरलं नव्हतं. मी दोन कप काढले, एकात चहा ओतला आणि दुसरा नुसता पुसून समोर ठेवला.

रविवारी मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"न्याय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जेवलात ना?"

साक्षीदारांना मंचाच्या नोटिसा गेल्या. शिक्का, सही, तारीख, 'शपथेवर साक्ष देण्यासाठी हजर राहावे'. नोटीस पोचल्याबरोबर साडूचा फोन आला. "अहो, हे काय? मी आपलं बोलण्यात बोललो..." मी म्हणालो, "घाबरू नका, जे झालं तेवढंच सांगायचं." तो म्हणाला, "तेच तर." मला त्याचा अर्थ लागला नाही. कुरियरवाल्याची नोटीस तेवढी परत आली. तिच्यावर शेरा होता, 'दार बंद'.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. गेलो तर बाहेरच्या बाकावर तिघं ओळीने बसलेले. साडू, भाची, कार्बन. ही गेली त्या आठवड्यानंतर या तिघांना मी एका जागी पहिल्यांदाच बघत होतो. आजूबाजूची माणसं दिवाळखोरीच्या अर्जाला आल्यासारखे चेहरे करून बसलेली, आणि मी मात्र वरातीत आल्यासारखा. "चहा घेणार? अरे, बिस्किटं तरी घ्या. भाचे, वाळलीस गं." मी चहा सांगितला, कप वाटले, कार्बनला दोन चमचे साखर लागते हे आठवून आणखी एक पुडी मागून आणली. तिघांपैकी कोणी माझ्याकडे नीट बघत नव्हतं. मला वाटलं, कोर्टकचेरीचं दडपण.

अध्यक्षबाई पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या. दुकानदार एका बाजूला उभा. मास्तर माझ्यामागे, सहा हक्क तोंडपाठ करून तयार. बाईंनी बेल मागवली. दुकानदाराने ती टेबलावर मांडून तार जोडली. बाईंनी बटण दाबलं. कोकिळा ओरडली. त्याबरोबर बाहेरचा शिपाई धावत आत आला, "बोलावलंत, मॅडम?" बाईंनी त्याला परत पाठवलं आणि पुन्हा दाबलं. शिपाई पुन्हा हजर. असं अकरा वेळा झालं. अकराव्यांदा शिपाई दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी इथेच थांबतो."

बाई म्हणाल्या, "बेल तर वाजते."

"अधूनमधून वाजत नाही," मी म्हणालो. "साक्षीदार आहेत."

साडू पुढे आला. बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आठवून सांगा हं. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. आणि तुमच्या सांगण्यावर या दुकानदाराची पत अवलंबून आहे." साडूच्या कपाळावर घाम आला. त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायला, मग आणखी मागितलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबू या."

बाहेर बाकापाशी साडूने माझा हात धरला. "साडूबुवा, मी आलो नव्हतो हो."

"कधी?"

"कधीच."

मी भाचीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी. "मामा, मी पण नाही आले. तुम्ही फोन केलात, इतक्या आनंदात बोलत होतात, मला नाही म्हणवेना. येईन येईन म्हणत राहिले. मामी असताना कशी, वाटेत असले तरी डोकावायचे."

कार्बन खाली बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो दुसऱ्याचं वाक्य न गिरवता बोलला. "खरं सांगू? तुझ्याकडे येऊन बोलायचं काय, तेच कळत नाही रे. वहिनी बोलायच्या. तू पेपरमागे असायचास. वहिनी गेल्यावर वाटायचं, चार मजले चढायचे आणि दोघांनी भिंतीकडे बघत बसायचं."

आता माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहिला विचार आला, वही बिनचूक होती. साडेसहा महिन्यांत एक नोंद चुकली नव्हती. अर्धा मिनिट मला अभिमानसुद्धा वाटला. मग त्या बिनचूक वहीचा अर्थ कळला. मी बाकावर बसलो. बेल चांगली होती. दोन्ही बेली चांगल्या होत्या. चिमणीही चांगली होती, कोकिळाही. कोणी आलंच नव्हतं. जुनी बेल दिवसातून दहा वेळा वाजायची ती हिच्यासाठी. "तुमच्याकडे कोणी नाही, वाचा तुम्ही," असं ही मला रोज सांगत होती आणि मी रोज वाचत होतो.

पुकारा झाला. साडू उठायला लागला तसं मी त्याला खाली बसवलं. तो आत जाऊन एकतर खोटं बोलला असता, नाहीतर खरं. मला दोन्ही ऐकायचं नव्हतं.

"मॅडम, साक्षीदार नकोत. बेल चांगली आहे. तक्रार मागे घेतो."

मास्तर मागून कुजबुजले, "अहो, हक्क!" मी मागे बघितलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग एवढे दोन-तीन महिने, तीन प्रतींत, या माणसाला दुकान बंद ठेवायला लावून... तुमची तक्रार होती तरी कोणाविरुद्ध?"

"अर्जात त्याचा रकाना नव्हता," मी म्हणालो.

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि खुर्चीकडे हात केला. "बसा. म्हणणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे. मांडा."

आणि मी बोलायला लागलो. मी, ज्याचा आवाज साहेबांनी कधी ऐकला नव्हता! जुन्या बेलच्या कर्कश आवाजापासून सुरुवात केली. ही दार कशी उघडायची, फोन माझ्या कानाला कशी लावायची, किल्ली आत राहिली तेव्हा मी तीनदा बेल का वाजवली, दुसरा कप मी पुसून का ठेवला. मला फार एकटं वाटतं, हे वाक्यसुद्धा मी भर सुनावणीत उच्चारलं आणि लेखनिकाने ते लिहून घेऊ का म्हणून बाईंकडे बघितलं. शिपाई दाराशी उभा राहून ऐकत होता. मी थांबलो तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

बाईंनी निकाल सांगितला तो दोन ओळींचा. "तक्रारदाराचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. तक्रार मागे घेतल्याने निकाली." मग म्हणाल्या, "त्या दुकानदाराची माफी मागा." मी मागितली, मनापासून मागितली. तो चष्मा कपाळावर चढवून खाली घेत, परत चढवत म्हणाला, "मी पण त्या दिवशी चारचौघांत तसं बोलायला नको होतं, काका." नवीन पावतीपुस्तक छापलं तेव्हा त्याने 'परत घेतला जाणार नाही' ही ओळ मात्र काढून टाकली. मास्तर जिन्यात भेटेल त्याला सांगतात की खटला आपण जिंकलो.

बाहेर तिघंही म्हणाले, "आता नक्की येतो हं." मी म्हणालो, "या." तारीख विचारली नाही.

दुकानदाराने येऊन बेल परत लावली. "वाजवून बघू?" मी आत जाऊन दार लावलं. कोकिळा वाजली. मी दार उघडलं. "या ना, चहा घ्या." तो म्हणाला, "नको, दुकान उघडं टाकून आलोय." मी वही घेतली. दुकानदार, काम : बेल वाजते का पाहणे. लिहून वही मिटताना ती हातातून निसटली आणि उलटी पडली. मागच्या बाजूने उघडली. 'जावक'. सहा रकाने, पट्टीने आखलेले, स्वच्छ. पानंच्या पानं कोरी.

चौतीस वर्षं त्या विभागात बसूनही मला हे कळू नये? आवक येते कशाची? बहुतेक वेळा आपणच पाठवलेल्या कागदाच्या उत्तराची. ज्या खात्याकडून काही जात नाही, तिथे हळूहळू येणंही बंद होतं. हे मी नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी शिकवायचो. आणि या साडेसहा महिन्यांत, साडेसहा महिने कसले, आयुष्यात, मी होऊन कोणाची बेल वाजवली होती? मास्तरांची. तीही तक्रार घेऊन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्त्रीचाच शर्ट घालून साडूकडे गेलो. तिसरा मजला, तिथेही लिफ्ट नाही. वाटेत काय बोलायचं ते ठरवत गेलो. हवेबद्दल एक वाक्य, तब्येतीबद्दल दोन. दारासमोर उभा राहून श्वास घेतला आणि बेल दाबली. आत ट्रिंग वाजली. मी स्पष्ट ऐकली. थांबलो. पुन्हा दाबली. वाजली. आत कोणी होतं की नव्हतं, देव जाणे. दिवा लागलेला वाटत होता, पण तो जिन्यातला उजेडही असेल.

तिसऱ्यांदा दाबली नाही. खिशातून कागद काढला, गुडघ्यावर धरून लिहिलं, 'आलो होतो. बेल वाजवली. दार बंद. पुन्हा येईन.' खाली तारीख आणि वेळ घातली. चिठ्ठी दाराखालून आत सरकवली. साडू म्हणेल, बेल वाजलीच नाही. म्हणू दे. मी खरंच गेलो होतो.

घरी येऊन वही उलटी केली. जावक क्रमांक एक. कोणाकडे : साडू. काम : भेट. आणि शेऱ्याच्या रकान्यात, कचेरीत लिहायचो तसंच लिहिलं, 'उत्तर अपेक्षित'. मग खुर्ची दारापासून सहा पावलांवर होती ती चार पावलांवर ओढली आणि पेपर न घेता बसलो.